स्क्रू पडत कसा नाही?

घरात नवं कपाट बसवायला सुतारकाका आले की त्यांच्या मशीनचा घर्रर्र आवाज ऐकून तुम्ही दारात येऊन उभे राहता की नाही? घोडबंदर रोडवरचा टॉवर असो नाहीतर डोंबिवलीतली जुनी चाळ, आवाज तोच. पण पुढच्या वेळी आवाज सोडा, मशीनच्या टोकाकडे बघा. काका टोकाला स्क्रू टेकवतात आणि बोटं काढून घेतात. स्क्रू तसाच आडवा राहतो! एका हाताने फळी धरलेली, दुसऱ्या हातात मशीन. मग स्क्रू कोण धरतं?

धरतो तो बिट होल्डर. स्क्रूच्या खाचेत बसणारा पोलादी तुकडा म्हणजे बिट. नेहमीचा बिट २५ मिलिमीटर लांब असतो. तो ज्या नळीत बसतो तो होल्डर. नळीच्या तळाशी लोहचुंबक लपलेला असतो. चुंबक बिटाला चिकटला की बिटसुद्धा तेवढ्यापुरता चुंबक होतो आणि स्क्रूला ओढून धरतो. आता पितळेचा स्क्रू लावून बघा. टपकन खाली! स्टेनलेस स्टीलचे बरेच स्क्रूही असेच दगा देतात. त्यांच्यासाठी वेगळा होल्डर मिळतो. त्याची बाहेरची नळी पुढे सरकते आणि स्क्रूला सरळ उभं धरते.

बिट आणि होल्डर वेगळे कशाला, एकसंध का नाही? कारण झिजतं ते टोक. टोक गुळगुळीत झालं की दहा-वीस रुपयांचा बिट बदलायचा, बाकी सगळं तसंच.

बिटाची शेपटी निरखून बघा. गोल नाही, षटकोनी आहे. गोल असती तर नळीतल्या नळीत फिरत बसली असती आणि स्क्रू जागचा हलला नसता. शिवाय ड्रिल मशीनच्या चकला, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाला, तीन जबडे असतात. सहा बाजूंपैकी एक सोडून एक अशा तीन बाजूंवर ते चपखल बसतात. आता पट्टीने या षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा: सव्वासहा मिलिमीटरच्या किंचित वर, नेमकं ६.३५. हे कसलं विचित्र माप? हा पाव इंच! आपले मिस्त्री त्याला दोन सूत म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी हा पाव इंच काही हटला नाही. तसा तुमच्या लोकलच्या रुळांतला इंचही हटलेला नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर होतं. आजही तेवढंच आहे. आता त्याला १६७६ मिलिमीटर म्हणतात, इतकंच.

आता थोडी गंमत इम्पॅक्ट ड्रायव्हरची. टकटकटक असा आवाज करतो ना, तो. त्याच्या पोटात एक हातोडा फिरता फिरता ठोके मारतो, म्हणून घट्ट लाकडातही स्क्रू सरसर जातो. याला तीन जबडे नसतात. लांब बिटाच्या शेपटीला सभोवार एक खाच असते आणि मशीनमधल्या बारीक पोलादी गोळ्या त्या खाचेत अडकतात. बाहेरची कडी ओढली की गोळ्या सुटतात. २५ मिलिमीटरच्या छोट्या बिटाला अशी खाच नसते, म्हणून तो आधी होल्डरमध्ये घालायचा आणि होल्डरची खाचवाली शेपटी मशीनमध्ये. साधा होल्डर या ठोक्यांनी लवकर तुटतो. इम्पॅक्टसाठी म्हणून बनवलेला होल्डर ठोका बसला की किंचित पिळवटतो आणि परत सरळ होतो.

हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर काकांना सांगून होल्डरमध्ये बिट घाला आणि हलवून बघा. डुगडुगला तर परत ठेवा. बिट उपसताना त्याला चिकटून चुंबकच बाहेर आला तर हसा आणि दुसरा मागा. होल्डर जितका लांब, तितकं टोक जास्त डोलतं. ६० मिलिमीटरचा पुष्कळ झाला. लांबलचक होल्डर कपाटाच्या खोल कोपऱ्यापुरता ठेवावा. हाताने फिरवायचा असेल तर मूठवाला चुंबकी होल्डर बेस्ट. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो अधूनमधून कापडाने पुसा, नाहीतर बिट पूर्ण आत जात नाही.

आणि हो, हा होल्डर बिटासकट पोलादाचा असतो, त्यातून वीज आरपार जाते. घरातल्या स्विचबोर्डाला तो कधीही लावू नका, ते काम वायरमनकाकांचं!