पेट्रोल गळते कुठून, ते आधी पाहा

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील कारखान्यांच्या आवारात गवत कापण्याची पेट्रोल यंत्रे दिसतात. तसेच छोटे इंजिन आमच्या कापड दुकानाच्या जनरेटरला आहे. दोन्हींचे दुखणे एकच, पेट्रोलची गळती. कापडवाल्याने इंजिनावर लिहावे याचे नवल वाटेल. पण ज्याच्या दुकानात तागे रचलेले असतात, त्याला ठिणगीचा धाक जास्त असतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत पोचू शकते. म्हणून वास येताच इंजिन बंद करावे, कॉक असल्यास फिरवावा, इंजिन थंड होऊ द्यावे आणि यंत्र मोकळ्या जागेत न्यावे. बिडी-काडी दूर ठेवावी व स्पार्क प्लगची टोपी काढावी.

मग यंत्र कोरड्या फडक्याने पुसून, कॉक उघडून दहा मिनिटे पाहावे. ओल प्रथम जिथे दिसेल तिथे दोष. टाकीच्या झाकणाशी ओल असेल तर वायसर गेला किंवा टाकी काठोकाठ भरली. नळी चिरली असेल तर चिकटवू नये. पेट्रोलचीच नवी नळी क्लिपसह बसवावी.

कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत असेल तर बहुधा आतल्या सुईखाली कचरा अडकलेला असतो. तरंगणारा फ्लोट वर आला की ही सुई पेट्रोल अडवते. कचऱ्यामुळे ती बसत नाही. कार्बोरेटर साफ करावा; सुई झिजली असेल तर बदलावी. तळाच्या वाटीभोवती ओल असेल तर दोष तिच्या गास्केटचा असतो.

गवताचे यंत्र आडवे करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवावा, नाहीतर त्यात पेट्रोल उतरते. ऑइलची पातळी वाढून त्याला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरूच करू नये. आधी गळती थांबवावी, मग ऑइल बदलावे.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागातील उसापासून इथेनॉल बनते आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि जुन्या यंत्रांचे रबर त्याने लवकर खराब होते. महिनाभर यंत्र वापरायचे नसेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

कारागीर बंधूंना एक विनंती. गिऱ्हाइकाचे यंत्र ही आपल्याकडची अमानत आहे. दोष वायसरचा असताना अख्खा कार्बोरेटर बदलू नये, आणि परत देण्यापूर्वी यंत्र अर्धा तास कोरड्या कागदावर ठेवून पाहावे. कागद कोरडा राहिला, तरच काम पुरे झाले. वायसरला थोडे पैसे लागतात. गफलत झाली तर अख्खे दुकान जाते.