शाळेचं दप्तर कुणाच्या कपाटात?

कुठल्याही खेड्यात साठी ओलांडलेली माणसं गोळा करा आणि जन्मतारीख विचारा. बऱ्याच जणांची 1 जून निघेल. घरात जन्माची नोंद नसे. पोरगं सहा वर्षांचं दिसतंय एवढं पाहून गुरुजी नाव घालत आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीखही तीच टाकत. त्याच तारखेच्या जोरावर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, आता पेन्शन घेताहेत. ही तारीख ज्या जाडजूड वहीत लिहिलेली असते तिला शाळेत ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. जुन्या शाळांची ही रजिस्टरं चाळण्याचा नाद मला कित्येक वर्षांपासून आहे. छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या वादात मी शिरलो तोही या नादापायीच.

वादाची पार्श्वभूमी उरकून घेतो. शाळांनी एकमेकींच्या साहाय्याने चालावं, ही शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने 1966 मध्येच मांडली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा पुढे आणली. मात्र संकुलात शाळा आपापल्या जागी राहतात, विलीनीकरणात त्या उठतात. 2017 च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलांचं समायोजन करण्याचं ठरलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सप्टेंबर 2023 मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा 14,783 आणि त्यांतली मुलं 1,85,467 असा आकडा तेव्हा सांगण्यात आला. झाली पार्श्वभूमी.

आता रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, दाखल दिनांक, इयत्ता, प्रगती, वर्तणूक आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. हा कारणाचा रकाना मी सगळ्यांत आधी पाहतो. कोकणातल्या रजिस्टरात ‘मुंबईस गेला’ हे इतक्या वेळा येतं की गिरणगाव कसं भरत गेलं ते तिथेच कळतं. देशावर ‘शेतीकाम’, मुलींपुढे ‘घरकाम’ किंवा नुसतंच ‘सतत गैरहजर’. धरणाच्या भागात एका पानावर एकदम पाच-सहा मुलं ‘गाव उठल्यामुळे’ कमी झालेली दिसतात. मुलींची नावं किती पानांनंतर सुरू होतात तेही मोजून पाहावं. वाडीचा इतका खरा इतिहास दुसऱ्या कुठल्याच कागदात मला सापडलेला नाही. शेजारी शेरेबुक असतं, त्यात तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे. काही शेरे वाचून साहेब आले होते की नुसती सही आली होती असा प्रश्न पडतो, पण तो वेगळा लेख होईल.

ही निव्वळ हौसेची गोष्ट नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. एरवीही जातीच्या दाखल्याला आजोबांचा शाळेतला उतारा लागतो. शाळा बंद झाली की तिचं दप्तर शेजारच्या शाळेत नाहीतर केंद्रशाळेत जातं. तिथे ते आधीच भरलेल्या कपाटावर चढतं. वाळवी, गळकं छप्पर आणि बदलून आलेले नवे मुख्याध्यापक यांतून ते टिकलं तर टिकलं. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो गोठवणं सोपं. साठ-सत्तर वर्षांच्या दप्तराचा वाली कोण, हे मात्र समायोजनाच्या चर्चेत मी कधी ऐकलं नाही.

सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीत या विषयावर भरलेल्या सभेला मी बसलो होतो. शाळेच्या ओसरीतच सभा. एक आजोबा म्हणाले, “ही जागा माझ्या बापानं शाळेसाठी बक्षीसपत्र करून दिलीया. पोरं न्याल, जागेचं काय?” व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “वढ्याला पाणी आल्यावर लेकरं पल्याडच ऱ्हायची का?” इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. मग चौथीतल्या मुलीची आई उठली. “माझी पोर वर्गात एकटीच हाय. तिला भांडायलासुदिक कुणी न्हाई. मला मोठी शाळा पायजे, पर गाडी दारात आली पायजे.” सभा गप्प झाली. गुरुजी आधीपासूनच गप्प होते. शाळा गेली तर अतिरिक्त ठरून त्यांची रवानगी कुठे होईल, ते त्यांनाही माहीत नव्हतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना तर कुणी विचारलंच नाही.

त्या आईचं म्हणणं मला पटतं. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, शिवाय ऑनलाइन माहिती भरतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो. तो रजेवर गेला की शाळेला कुलूप. कबड्डीचा एक संघ उभा करायला सात गडी लागतात. अकरा पटाच्या शाळेत पहिलीची पोरं धरली तरी समोर दुसरा संघ उभा राहत नाही. छोटी शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही.

पानशेतची समूह शाळा मी मुद्दाम पाहून आलो, कारण 2023 मध्ये तोरणमाळबरोबर तिचंच उदाहरण पुढे केलं गेलं. धरणाच्या काठाने विखुरलेल्या वाड्यांमधून मुलांना आणायला गाड्या आहेत आणि वर्ग भरलेले दिसतात. पण ही शाळा उभी राहिली ती गाड्यांची सोय झाल्यावर. जिथे आधी शाळा बंद होते आणि वाहतूक भत्ता मागाहून येणार असतो, तिथे पानशेतचा दाखला देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. नकाशावरचा किलोमीटर आणि दरी उतरून साकव ओलांडण्याचा किलोमीटर यांत फरक किती, हे सहा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं.

पट का घटला, हाही प्रश्न आहेच. माणसं शहरात गेली, घरटी मुलं कमी झाली, हे खरं. पण 2012 च्या स्वयं-अर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने नव्या खासगी शाळांना दार उघडलं आणि पिवळ्या गाड्या वाडीच्या तोंडाशी येऊ लागल्या. एका हाताने शाळांना परवानगी द्यायची आणि दुसऱ्या हाताने पट नाही म्हणून शाळा मिटवायची, हे मला तरी अनाकलनीय वाटतं.

माझं मत सांगतो. दोन-चार पटाची शाळा, वाट सरळ आणि पालक तयार असतील तर खुशाल विलीन करावी. पण निर्णय तालुक्याच्या यादीवर होऊ नये. व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या, त्या कायद्याने उगाच ठेवलेल्या नाहीत. त्यांचा लेखी ठराव हवा. गाडी आधी सुरू व्हावी, कुलूप नंतर लागावं. दप्तराची छायांकित प्रत ग्रामपंचायतीत राहावी. आणि शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट 30 सप्टेंबरचा धरतात तो खुशाल धरा; रस्ता मात्र जुलैत, भर पावसात, मुलाचा हात धरून चालून मोजा.