नकाशा आधी जमिनीवर पाहा

वैराग (ता. बार्शी) : घर बहुधा आयुष्यात एकदाच बांधले जाते. दुकानातली, शेतातली किंवा आखाती देशात राबून साठवलेली पुंजी त्यात जाते. तरीही पुष्कळ जण दुसऱ्याच्या घराचा नकाशा उचलून गवंड्याच्या हाती देतात. मग म्हाताऱ्या अम्मीला रात्री पायऱ्या उतरून संडासाला जावे लागते. भिंत उभी राहिल्यावर चूक निस्तरणे महाग पडते. म्हणून आमचे सांगणे असे, की पाया खणण्याआधी चुन्याच्या फक्कीने खोल्या जागेवर आखा आणि घरातल्या बायकांना त्यात फिरवून पाहा.

भिंतींची जाडी विसरू नका. बाहेरून 30 बाय 40 फूट घराच्या 9 इंची बाहेरच्या भिंतीच सुमारे 103 चौरस फूट जागा खातात. 10 फूट चढायला 7 इंचांच्या 17 पायऱ्या लागतात. जिना सरळ असेल तर त्याला 13 फुटांहून अधिक लांबी हवी.

बैठक दाराजवळ असावी. तेथून आतले घर दिसू नये. बैठकीजवळ हात धुण्याची व वजूची सोय असली, की मेहमानांना आत यावे लागत नाही. वडीलधाऱ्यांची खोली तळमजल्यावर, संडासाला लागून आणि तीन फुटी दाराची असावी. आपल्याकडे किब्ला जवळपास पश्चिमेला आहे; म्हणून संडासाची बैठक दक्षिणोत्तर ठेवावी.

मजबुतीत काटकसर नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. आपल्या भागातली जुनी घरे त्याच धाटणीची आहेत. काळ्या जमिनीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर ठेवाव्यात आणि लिंटेलचा पट्टा सर्व भिंतींवरून सलग फिरवावा.

व्याजाचे कर्ज टाळायचे असेल तर नकाशा पूर्ण घराचा करावा. बांधकाम मात्र ऐपतीप्रमाणे टप्प्याने. वरचा मजला पुढे चढवायचा असेल तर इंजिनिअरला आजच सांगावे, म्हणजे पाया तेवढा धरता येतो. नगरपंचायतीची परवानगीही आधीच घ्यावी.

नकाशावरची रेघ रबराने पुसता येते, भिंत नाही. चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पण घर राहणाऱ्यांच्या सोयीचे व्हावे.