लाजवर्दी निळा

चित्रकाराच्या पेटीतले सर्वांत स्वस्त रंग मातीचे असतात. गेरू किंवा पिवडी खणावी, धुवावी, दळावी, की रंग तयार. निळी माती मात्र क्वचितच सापडते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतले बहुतेक रंग आसपासच्या दगडमातीचे आहेत. निळा तेवढा लाजवर्दाचा, आणि त्या दगडाच्या प्राचीन खाणी पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांत.

पण हा रंग केवळ लांबून येतो म्हणून महाग नव्हता. लाजवर्द नुसता कुटला तर राखाडी भुकटी हाती येते, कारण त्यात पांढरे कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असते. त्यातून निळा वेगळा काढण्याची रीत इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने १४०० च्या सुमारास लिहून ठेवली. भुकटी राळ आणि मेणात घालून तिचा गोळा करायचा, हाताला जवसाचे तेल लावून तो निदान तीन दिवस-रात्र ठेवून रोज मळायचा, मग कोमट क्षारपाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, मळ मेणात अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा निळा गर्द. पुढे तो फिका होत जातो आणि शेवटी राखच उरते. हे काम मुलींना चांगले जमते, असे चेन्नीनी सांगतो. त्यांची नावे मात्र कुठे नाहीत. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याच्याशी झालेल्या करारात निळा औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच हवा, अशी अट होती.

१८२४ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम निळ्यासाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले. १८२८ मध्ये ते गिमे या रसायनतज्ज्ञाला मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून तोच निळा इतका स्वस्त झाला की तो कपड्यांच्या निळीतही गेला.

महागाईची जागा आता दुसऱ्या रंगांनी घेतली आहे. कोबाल्ट निळ्याला लागणारा धातू बॅटरीवाल्यांनाही हवा असतो. काही रंगांतले कॅडमियम विषारी, म्हणून कारखान्यात त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. क्विनाक्रिडोनसारखे सेंद्रिय रंग अनेक रासायनिक टप्प्यांतून जातात. कंपन्या म्हणूनच ट्यूबांवर किमतीचे गट छापतात. विद्यार्थ्यांच्या ट्यूबेत रंगद्रव्य कमी, भर जास्त. आणि नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत बहुधा दुसरेच स्वस्त द्रव्य असते. महाग ते टिकाऊ, हेही खरे नाही: लाजवर्दी निळा खाणीतला असो वा भट्टीतला, आम्लाने विटतो, आणि स्वस्त गेरूला उन्हाने काहीच होत नाही.