डी.फार्म.वर थांबू नका

सावद्यासारख्या गावात अंग मोडून आले की माणूस आधी मेडिकलची पायरी चढतो, दवाखान्याची नंतर. म्हणून काउंटरमागचा माणूस किती शिकला आहे, हा आपल्या आरोग्याचाच प्रश्न आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे फार्मसी कायदा, १९४८ सांगतो.

आपल्या वस्तीतील अनेक मुलेमुली बारावी सायन्सनंतर डी.फार्म. करतात. त्याला सीईटी लागत नाही. दोन वर्षांचा अभ्यास, ५०० तासांचे प्रशिक्षण, नोंदणी, की मेडिकलवर नोकरी. घरचेही म्हणतात, ‘झाले शिक्षण, आता कमव.’ पण औषध निरीक्षकाच्या पदाला पदविका पुरत नाही; पदवी लागते. एम.फार्म.ची वाटही बी.फार्म.मधूनच जाते.

डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सत्राला प्रवेश मिळतो. चार वर्षांची पदवी तीन वर्षांत होते. इथेही सीईटी नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. म्हणून डी.फार्म. नुसते पास होण्यापुरते करू नका. आपले कॉलेज फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेले आहे ना, हेही आधीच पाहा. पहिल्या वर्षाचे संवादकौशल्य आणि संगणक हे दोन विषय मात्र नंतर पूर्ण करावे लागतात.

अर्ज राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधूनच भरा. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि संपूर्ण फी घरावर पडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापुढे फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी करा.

खरी अडचण कागदांची होते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते हाती यायला वेळ लागतो. निकालाची वाट पाहू नका, डी.फार्म.च्या पहिल्याच वर्षी जळगावच्या जात पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल करा. उत्पन्नाचा दाखला रावेर तहसीलमधून वेळेत काढा.

बी.फार्म.साठी पुण्या-मुंबईलाच जावे लागते असेही नाही. शेजारी फैजपूरला कॉलेज आहे, धुळे जिल्ह्यात शिरपूरला आहे. घरून येजा करता येत असेल, तर मुलींचे शिक्षण दोन वर्षांवर थांबवायला कारणच उरत नाही.