भांगेचे बी : नशा वेगळी, खुराक वेगळा

कापडाच्या तिजारतीत ‘हेम्प’ हा शब्द नवा नाही. त्या झाडाच्या सालीतून निघणाऱ्या वाखाचे कापड बाजारात येते, सुतात मिसळूनही येते. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच झाडाचे बी सुक्या मेव्याच्या आणि औषधांच्या दुकानांत डबाबंद होऊन आले आहे. गिऱ्हाईक आम्हाला विचारते, “सेठ, हे तर भांगेचे बी. खायचे कसे?” आणि दुकानदार विचारतो, “ठेवले तर पोलीस येणार नाहीत ना?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ताग आणि अंबाडी या दोघांनाही इंग्रजीत हेम्पच म्हणतात. अंबाडीची भाजी आपण खातो, पण तागाचे बी विषारी असते, ते खाण्याचे नाही. म्हणून सुटा माल घेताना नुसते ‘हेम्पचे बी द्या’ म्हणून भागत नाही. आम्ही बोलतो आहोत ते भांगेच्या झाडाच्या बियाबद्दल.

आता नशेचा मुद्दा. नशा आणणारे द्रव्य फुलांच्या आणि त्यांच्या लगतच्या पानांच्या चिकट राळेत तयार होते, बियाच्या गरात नाही. माल नीट साफ केला नसेल तर बियाच्या टरफलाला त्या राळेचा अंश चिकटून राहतो, एवढेच. म्हणून सरकारने मर्यादा घातली आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तिच्यातून शेंड्यांशिवाय असलेले बी वगळलेले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाचे बी, बियाचे तेल आणि बियाचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियात नशेचे द्रव्य किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अट आहे. मात्र बी पेरणे ही वेगळी गोष्ट. राज्य सरकारच्या परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे.

हलाल-हरामचा फैसला देणे आमचे काम नाही. मनात शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, पण विचारताना नुसते झाडाचे नाव न सांगता वरची सगळी हकीकत सांगावी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे, म्हणून एक गोष्ट लक्षात येते : फारसीत या बियाला ‘शाहदाना’ म्हणतात, म्हणजे बादशाही दाणा. इराणात भाजलेल्या गव्हात शाहदाना मिसळून फुटाण्यासारखा चघळतात. आपल्या देशात कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात हे बी तव्यावर भाजून मिरची, मीठ आणि लिंबू घालून वाटतात. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. तिच्या भाकरीबरोबर ही चटणी खातात. कोणी झिंगत नाही.

फायदा काय? सोललेल्या १०० ग्रॅम बियात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने असतात. तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम खाल्ले तर दीड अंड्याइतकी प्रथिने मिळतात. तेवढ्यातच दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्मे मॅग्नेशियम मिळते. लोह आणि जस्तही आहे. यातील चरबीत ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही दोन्ही आम्ले साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. आपल्या घरातील सरकीच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात पहिले भरपूर आणि दुसरे जवळजवळ नाहीच. रात्रपाळीचा लूम कारीगर चहा-खारीवर रात्र काढतो, त्याच्या पोटात असे काही गेले तर बरेच आहे.

पण जाहिरातीत सांगतात तसे हे जादूचे औषध नाही. याच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते, म्हणून डाळीची जागा हे बी घेत नाही. कॅल्शियम हवे असेल तर आपला तीळ याच्या कितीतरी पुढे आहे. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी जास्त देते आणि कमी पैशात देते. ज्याच्या घरी महिन्याचे रेशन जेमतेम भरते, त्याने हा डबा घेण्यापेक्षा जवस, शेंगदाणे आणि डाळ घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. दही, पोहे किंवा चटणीत एक चमच्यापासून सुरुवात करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुकानदारांसाठी दोन शब्द. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असलेलाच बंद माल ठेवा आणि घाऊक व्यापाऱ्याचे पक्के बिल जपून ठेवा. ‘हेम्प ऑइल’ या नावाने पानांच्या अर्काचे तेलही विकले जाते. ते ‘विजया’ नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून येते, खाण्याचे तेल नव्हे. दोन्ही एका फळीवर ठेवू नका. माल थोडाथोडाच भरा, कारण या बियातील तेल लवकर खवट होते. सोललेले बी फ्रिजमध्येच टिकते. तेल तळणासाठी विकू नये, ते कच्चेच वरून घ्यायचे असते.

आणि आखाती देशांत नोकरीला किंवा उमऱ्याला जाणाऱ्यांनी हे बी सामानात मुळीच बांधू नये. तिकडे खसखशीवरही बंदी आहे आणि विमानतळावर भारतातील परवाना दाखवून सुटका होत नाही.