काकांना विचारलेला प्रेस

कर्जतच्या लोकलने कल्याण सोडले की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी. पुढे उल्हासनगर, मग अंबरनाथ. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत ज्यांची हयात गेली, अशी माणसे या पट्ट्यात पुष्कळ. आमच्या इमारतीतले काका त्यांतलेच. निवृत्तीला बरीच वर्षे झाली, पण पितळ म्हटले की त्यांचा आवाज आजही बदलतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा टेक्सासहून व्हिडिओ फोन आला. पोराला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद. रायफल .३३८ लापुआ मॅग्नम. काडतुसे तिकडच्या मानानेही महाग. म्हणून उडवलेल्या पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि त्यांत नवी टोपी, दारू, गोळी बसवायची. ''काका, त्यासाठी प्रेस कोणता घेऊ?''

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडायचा नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. तिकडे मात्र आपण घरी सुतारकाम करावे तसे लोक गॅरेजमध्ये हे करतात.

काकांनी आधी पितळच समजावले. सत्तर टक्के तांबे, तीस टक्के जस्त. जाड वाटी दाबून, ओढत ओढत तिची पुंगळी होते. प्रत्येक ओढीला धातू कडक होतो; मधेमधे तापवून मऊ केला नाही तर चिरतो. बार उडाला की पुंगळी फुगून रायफलीच्या घराला टेकते. ती पुन्हा मापात आणायला डायमध्ये दाबावी लागते, आणि खरा जोर लागतो तो इथे. ९ मिलिमीटर पिस्तुलाची पुंगळी १९ मिलिमीटर लांब, ही जवळजवळ ७०. वंगण कमी पडले तर डायमध्ये अशी रुतून बसते की काढता काढता घाम फुटावा.

''मग सांगाडा बंद घे, 'ओ'सारखा,'' काका म्हणाले. ''पुढून उघडा 'सी' जोर आला की किंचित वाकतो. पुंगळी वाकडी बसली तर तुझा नेम कुठला? आणि पुंगळीवर गोळी उभी ठेवून डायखाली हात जाईल एवढी उंची मोजून घे. दांडा लांब हवा.''

पुतण्याच्या मनात वेगळेच होते. दांड्याच्या एका ओढीत चार-पाच कामे उरकणारा, तासाला शेकड्यांनी काडतुसे देणारा प्रेस त्याने पाहून ठेवला होता. काकांनी विचारले, ''महिन्याला किती उडवतोस?''

''साठ-सत्तर.''

''मग घाई कसली रे?''

काकांच्या डाव्या तर्जनीचे वरचे पेर नाही. सरकारी नोकरीपूर्वी ते एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. नग मोजून पैसे; हात आड येतो म्हणून पुढची जाळी काढलेली. एवढेच ते सांगतात, कारखान्याचे नाव सांगत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी बोट कॅमेऱ्यासमोर धरले. पुतण्याने ते लहानपणापासून पाहिलेले होते, तरी तो गप्प झाला.

मग काकांनी रीत सांगितली. एका वेळी एकच काम करणारा प्रेस. पन्नास पुंगळ्या लाकडी ताटलीत उभ्या करायच्या. दारू वजन करून भरायची, आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी धरून प्रत्येकीच्या तोंडात पाहायचे. टेबलावर एकाच जातीच्या दारूचा डबा. दारू चुकली तर फुटणारी रायफल गालाला लावलेली असते. माझ्या मते इथे वेग हा गुणच नव्हे, पण दुकानदार तोच आधी सांगतो.

परवा फोटो आला. वापरलेला, बिडाचा, बंद सांगाड्याचा जड प्रेस. काकांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला.

''बोल्ट पातळ प्लायवूडमध्ये मारलेत. काढ ते. खाली जाड फळी घाल.'' मग थोडे थांबून, ''आणि गॅरेजच्या दाराची कडी छकुलीच्या हाताला पोचते का रे?''

पलीकडून उत्तर आले नाही. पुतण्या फोन हातात घेऊनच दाराकडे निघाला होता.